दात राखण्याची तीन वर्षे



दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या भारतात नऊ शाखा आहेत. वेडेवाकडे दात सरळ करणारी एक, हिरड्यांची एक, लहान मुलांच्या दातांची एक, जबड्याच्या शस्त्रक्रियेची एक, अशी ती वाटणी. त्यांतली जी शाखा किडलेला, तुटलेला किंवा नस मेलेला दात न काढता जागच्या जागी राखायला शिकवते, तिचे पूर्ण नाव कॉन्झर्वेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स. बी.डी.एस. झालेल्या दंतवैद्याला आणखी तीन वर्षे पूर्ण वेळ शिकल्यावर या शाखेची एम.डी.एस. पदवी मिळते. आजचे व्याख्यान त्या तीन वर्षांवर आहे.

आरंभीच एक अडचणीचा प्रश्न घ्यावा लागतो. रूट कॅनाल कोण करतो? मिरजेच्या किंवा सांगलीच्या कोणत्याही रस्त्यावरच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचाव्यात. रूट कॅनाल, कॅप, कवळी हे तीन शब्द जवळपास प्रत्येक पाटीवर सापडतात. बी.डी.एस. पदवीधरांना रूट कॅनाल करण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यांनी केलेले पुष्कळ उपचार वर्षानुवर्षे टिकतात. मग आणखी तीन वर्षे, आणखी एक प्रवेशपरीक्षा, आणखी काही लाखांची फी, हा सगळा खटाटोप कशासाठी? उत्तर दाताच्या आत आहे. म्हणून आधी आत पाहिले पाहिजे.

वरची पहिली दाढ घेऊ. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून पुष्कळ आईवडील तिला दुधाचीच समजतात, आणि पडणारच आहे तर कशाला भरायची, असे म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. ती जन्मभराची असते आणि तोंडात सर्वांत आधी किडणाऱ्या कायमच्या दातांत तिचा नंबर वरचा. या दाढेला तीन मुळे असतात. प्रत्येक मुळात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची बारीक वाट, म्हणजे कॅनाल. तीन मुळे म्हणजे तीन कॅनाल, असा हिशेब कोणीही करील. पण गालाकडच्या पुढच्या मुळात अर्ध्याहून अधिक दाढांमध्ये दुसरा कॅनाल असतो. त्याचे तोंड डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, एका कडेखाली दडलेले असते आणि नेहमीच्या एक्स-रेवर तो पहिल्याच्या मागे लपतो. विभागातली मंडळी त्याला 'एमबी टू' म्हणतात. त्याला शोधण्यात पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याचा, पहिला उन्हाळा जातो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती नाही. हा चौथा कॅनाल सापडला नाही, तर त्यातली घाण तिथेच राहते. बाकीचे तीन कितीही सुंदर भरले, तरी सहा महिन्यांनी किंवा सहा वर्षांनी दाढ पुन्हा उठते.

खालची दुसरी दाढ आणखी लबाड. तिची मुळे कधी कधी एकमेकांना चिकटून पन्हाळीसारखी होतात आणि कॅनालचा काप इंग्रजी सी अक्षरासारखा दिसतो. आशियाई लोकांत हा प्रकार जास्त आढळतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी झ्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरले, दात आम्लात विरघळवले आणि मागे राहिलेले साचे जगापुढे ठेवले. त्या साच्यांत सरळ नळी क्वचितच होती. फाटे, जाळी, मधले पूल आणि टोकाशी नदीच्या मुखासारखे पसरलेले धागे होते. रूट कॅनाल म्हणजे नळी साफ करून भरणे ही समजूत त्या दिवशी संपायला हवी होती. लोकांत ती अजून आहे. काही दवाखान्यांतही आहे.

दुसरा मुद्दा असा की ही स्वतंत्र शाखा उभी राहिली ती एका बदनामीतून. 1910 साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात व्याख्यान दिले. सोन्याच्या कॅपा आणि ब्रिजांखाली पू साठतो आणि तिथून सगळ्या शरीरात रोग पसरतो, असा त्याचा रोख होता. बोलण्यात तथ्य होते, कारण त्या काळचे काम घाणेरडेच होते. पण परिणाम भलताच झाला. सांधे दुखले की दात काढा, डोके दुखले की दात काढा, कारण सापडले नाही की दात काढा, अशी लाट अमेरिका आणि युरोपात आली आणि तीसेक वर्षे टिकली. लाखो धडधाकट दात या संशयापोटी गेले.

या लाटेविरुद्ध जे थोडे दंतवैद्य उभे राहिले, त्यांना आपले काम जंतुरहित आहे आणि एक्स-रेवर बरे होताना दिसते, हे पुराव्याने दाखवावे लागले. फिलाडेल्फियाचे लुई ग्रॉसमन हे त्यांतले ठळक नाव. त्यांचे पाठ्यपुस्तक 1940 साली आले, आणि आजही भारतातला पीजी त्याच्या नव्या आवृत्त्या उशाशी घेऊन झोपतो. 1943 मध्ये अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्टांनी आपली संघटना काढली. तरीही स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळायला 1963 उजाडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1965 मध्ये, काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाताची नस उघडी ठेवली, अन्नाने भरू दिली, तरी ती मेली नाही. उलट वर नवे डेंटिन बनू लागले. नेहमीच्या उंदरांत मात्र ती सडली आणि मुळाशी गळू झाले. फरक एकच होता, जंतू. या प्रयोगाने या शाखेचे काम ठरवून दिले. जंतू बाहेर काढायचे आणि पुन्हा आत येऊ द्यायचे नाहीत. बाकी सगळी साधने या दोन कामांच्या सेवेत आहेत.

भारतात दंतशिक्षणाची सुरुवात रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात 1920 साली केली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 सालचे. दंतवैद्यांचा कायदा 1948 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद आली. 2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला. ही जंत्री इथेच थांबवून अभ्यासक्रमाकडे वळलेले बरे, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

अमेरिकेत एंडोडॉन्टिक्स हा स्वतंत्र विषय आहे. किमान दोन वर्षांचा पूर्ण वेळ अभ्यास, आणि शिकून बाहेर पडलेला माणूस जन्मभर फक्त कॅनाल करतो. दात पुन्हा बांधायचे, कॅप बसवायचे काम तो रुग्णाला पाठवणाऱ्या दंतवैद्याकडे परत देतो. भारताने दोन विषय एकत्र बांधले. दाताची डागडुजी आणि दाताच्या मुळाचा उपचार, दोन्ही एकाच पदवीत. कागदावर हे जुन्या धाटणीचे वाटते, आणि एवढ्याशा वेळात दोन विषय कसे होणार, अशी टीकाही होते. पण जत, आटपाडी किंवा कवठे महांकाळहून एस.टी.ने येणाऱ्या रुग्णाच्या बाजूने विचार केला, तर ही जोडणी शहाणपणाची ठरते. रे आणि ट्रोप यांनी 1995 मध्ये एक्स-रे तपासून दाखवले की मुळाशी हाड निरोगी राहण्यात आतल्या भरावाइतकाच, किंबहुना अधिक, वाटा वरच्या फिलिंगचा किंवा कॅपचा असतो. पुढे त्यावर वाद झाले, तपशील बदलले, पण गाभा टिकला. वरून गळणाऱ्या दाताला आतून कितीही चांगले भरा, लाळेबरोबर जंतू आत जाणारच. तज्ज्ञाने कॅनाल करून रुग्णाला 'कॅप दुसरीकडे बसवून घ्या' म्हणून सोडला, तर त्यातले किती जण खरोखर बसवून घेतात? दुखायचे थांबले, पैसेही संपले, आणि तात्पुरत्या सिमेंटवर वर्ष निघून गेले. हा प्रकार या भागातल्या प्रत्येक दंतवैद्याने पाहिला आहे. एकाच हाताने आत साफ करायचे आणि वर बांधायचे, ही भारतीय पद्धत इथल्या परिस्थितीला जास्त जुळते.

आता तीन वर्षांत नेमके काय घडते ते पाहू.

प्रवेशाला नीट एम.डी.एस. ही देशपातळीची परीक्षा. ती 2017 च्या प्रवेशांपासून लागू झाली. त्याआधी संस्थागणिक निरनिराळ्या परीक्षा होत्या आणि विद्यार्थी देशभर धावत. परीक्षा बहुपर्यायी, म्हणजे हाताची परीक्षा मुळीच नाही. ज्या शाखेत बोटांचे काम मुख्य, तिथे बोटे न पाहता प्रवेश होतो. याला सोपा उपाय नाही, हेही खरे. हाताची परीक्षा घ्यायची म्हटले की ओळखीपाळखीला दार उघडते. बहुपर्यायी परीक्षा निदान सर्वांना सारखीच कठोर.

पहिले सहा महिने रुग्ण नाही. पीजी प्रयोगशाळेत बसतो. शस्त्रक्रिया विभागातून काढलेले दात गोळा करायचे, निर्जंतुक करायचे, प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवायचे आणि त्यांवर काम करायचे. दात उभा कापायचा, आडवा कापायचा, प्रत्येक मुळाचा काप पाहायचा. मेणात दाढ कोरायची. पोकळी अशी कोरायची की कडा नखाला लागू नये. पाच वर्षे शिकून डॉक्टर झालेल्या माणसाला पुन्हा मेण कोरायला बसवतात, याचा रागही येतो. शिकवणाऱ्यांना तो राग ठाऊक असतो. ते काही बोलत नाहीत, ठोकळा परत करतात.

याच काळात बोटाला फाईलची ओळख होते. फाईल म्हणजे कॅनाल साफ करण्याची सुईसारखी कानस. तिच्या दांड्याचा रंग तिची जाडी सांगतो. जांभळी 10 नंबरची, टोकाला 0.10 मिलिमीटर. पांढरी 15, पिवळी 20, लाल 25, निळी 30, हिरवी 35, काळी 40. जांभळी फाईल कॅनालमध्ये सोडली की ती डोळ्यांना दिसत नाही. ती कुठे अडली, वळणावर अडली की चुन्यासारख्या घट्ट झालेल्या भागावर अडली, हे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जाणिवेवरूनच कळते. वळणावर अडली तर टोकाला किंचित बाक देऊन हलकेच फिरवायची. घट्ट भागावर अडली तर थांबायचे, धुवायचे, पुन्हा यायचे. जोर लावला तर मुळात खोटी पायरी पडते आणि पुढची वाट कायमची बंद होते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीची जवारी काढायला शिकणाऱ्या मुलाला घोडीवर कानस किती चालवायची हे कोणी आकड्यात सांगत नाही. तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा थोडे घासायचे, आणि बिघडले की वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायचे. फाईलचे शिक्षणही याच वाटेने जाते. पुस्तकात आकृती आहे, अडण्याचा स्पर्श नाही.

मग यंत्रे आहेत ती कशाला, असा प्रश्न इथे स्वाभाविक आहे. 1988 मध्ये हरमीत वालिया आणि सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेची फाईल करून पाहिली. पोलादापेक्षा ती कितीतरी लवचीक. पुढे ती मोटरवर फिरू लागली आणि तासाचे काम मिनिटांवर आले. हा बदल मोठाच. पण ही फाईल थकली की काही न सांगता आतच तुटते. पोलादी फाईलचे पीळ निदान उलगडताना दिसतात. वेग आला, तसा विवेकही यायला हवा होता. तो मोटरबरोबर खोक्यात येत नाही. म्हणून चांगल्या विभागात आधी हाताच्या फाईलवर बसवतात, मोटर नंतर.

पहिल्या वर्षाअखेरीस मूलभूत विषयांचा पेपर होतो. शरीररचना, जंतुशास्त्र, औषधशास्त्र, दंतसाहित्य, संख्याशास्त्र, सगळे एकत्र. तो उरकला की ओपीडी.

ओपीडीत रुग्ण कोण असतात? मिरज हे मोठे जंक्शन. बेळगाव, पंढरपूर, कोल्हापूर, पुणे, चारही बाजूंनी गाड्या येतात आणि उपचारासाठी माणसे उतरतात. विल्यम वॉन्लेस या कॅनडातून आलेल्या मिशनरी शल्यचिकित्सकाने 1894 मध्ये इथे रुग्णालय उघडले, तेव्हापासूनची ही सवय. 1962 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले आणि ती पक्की झाली. दंतशिक्षण मात्र शेजारी वाढले. सांगलीत भारती विद्यापीठाचे, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे, कराडला कृष्णा अभिमत विद्यापीठाचे, वारणेकाठी नवे पारगावला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचे, आणि सीमेपलीकडे बेळगावात केएलईचे दंत महाविद्यालय. या भागातली ही महाविद्यालये खासगी संस्थांची किंवा अभिमत विद्यापीठांची. महाराष्ट्र शासनाची जुनी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे. म्हणून या पट्ट्यातल्या गुणी पण बेताच्या परिस्थितीच्या विद्यार्थ्याला, जागा मिळाली तरी फी परवडेल का, हा हिशेब आधी करावा लागतो. कित्येकदा आवडत्या शाखेऐवजी परवडणारी शाखा घेतली जाते.

ओपीडीतली एक नेहमीची मूर्ती म्हणजे मिश्री लावणारी बाई. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड बोटाने दिवसातून दोनतीनदा दातांवर घासली जाते. हिरडीजवळ दाताला पाचरीसारखी खाच पडते, कधी नसेच्या अगदी जवळ पोहोचते. दात किडलेला नसतो, पण थंड पाणी लागले की ठणकतो. इथे कॅनाल करायचा की खाच भरून थांबायचे? हा निर्णय कोणतेही यंत्र देत नाही. थंडीची चाचणी, टिचकीची चाचणी, दुखणे किती वेळ रेंगाळते याची विचारपूस, आणि मग अंदाज. चांगला विभाग पीजीला पहिल्यांदा काय शिकवतो, तर कॅनाल न करण्याची कारणे. ही शाखा दात राखणारी आहे, म्हणजे शक्य तिथे नसही राखणारी आहे. बाईंची मिश्री सुटली नाही, तर भरलेली खाच पुन्हा पडणार. तेव्हा उपचारात समजावणेही आलेच, आणि समजावण्याला गुण नसतात.

विवेकाचे दुसरे उदाहरण गोळ्यांचे. रात्रभर दाढ ठणकली की सकाळी मेडिकलमधून प्रतिजैविक आणायचे, ही घरोघरची रीत. सुजलेल्या पण जिवंत नसेच्या दुखण्यावर प्रतिजैविकाचा काही उपयोग होत नाही. तिथे दात उघडून नस काढणे हाच इलाज. ताप असेल, सूज पसरत असेल, तेव्हाच ती गोळी. पीजीने ही चिठ्ठी न लिहायला शिकणे हे चिठ्ठी लिहायला शिकण्याइतकेच अवघड, कारण समोरचा माणूस गोळीच मागत असतो.

तिसरे उदाहरण खास वैद्यकीय गावासाठी. हनुवटीवर एक फोड. पिकतो, फुटतो, सुकतो, पुन्हा येतो. माणूस त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो, मलम लावतो, कुणी तो फोड कापूनही काढतो. पुन्हा येतो. अखेर कुणीतरी तोंड उघडायला सांगते. खालचा एक पुढचा दात किंचित काळसर, न किडलेला. कधीकाळी मार लागलेला. नस मेली, मुळाशी पू झाला आणि त्याने हाडातून हनुवटीच्या कातडीपर्यंत वाट काढली. पीजी काय करतो? फोडाच्या छिद्रातून गटापर्चाची, म्हणजे कॅनाल भरायच्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी आत सरकवतो आणि एक्स-रे काढतो. काडी थेट त्या दाताच्या मुळाशी जाऊन थांबलेली दिसते. कॅनाल साफ झाला की फोड बहुधा आपोआप बुजतो. कातडीला हातही लावावा लागत नाही. एवढे सांगण्याचे कारण असे की या विद्येचा फायदा दंतविभागाच्या भिंतीआड राहू नये. त्वचा, कान-नाक-घसा, हृदयरोग या सर्व विभागांशी तिचा संबंध येतो. वरच्या दाढेच्या मुळाने सायनस बिघडतो आणि हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या रुग्णाला दंतोपचाराआधी प्रतिजैविकाचे संरक्षण द्यावे लागते.

उपचाराची रीत थोडक्यात अशी. दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा ताणलेला पडदा. हा 1864 पासून ठाऊक आहे, फुकट म्हणावा इतका स्वस्त आहे, आणि तरीही दवाखान्यांत सर्वांत जास्त टाळला जातो. लाळ आत जाऊ द्यायची नाही आणि फाईल घशात जाऊ द्यायची नाही, ही दोन्ही कामे तो करतो. मग एपेक्स लोकेटर मुळाची लांबी सांगतो. साफसफाईला सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपडे पांढरे करण्याच्या द्रावणाचा भाऊबंद. ते मेलेली नस विरघळवते, जंतू मारते. पण सुईने जोरात ढकलले आणि मुळापलीकडे गेले, तर गाल क्षणात सुजतो आणि काळानिळा पडतो. पीजीला ते सावकाश सोडायला शिकवतात. मग गटापर्चाचा भराव, आणि त्यावर पक्के बांधकाम. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शक यंत्राचे शिक्षण या शाखेत सक्तीचे झाले. त्या यंत्राखाली एमबी टू शोधणे आणि न दिसणारे तडे पाहणे वेगळेच काम होते. इथे यंत्र काही लाखांचे, विभागात बहुधा एखादेच, आणि त्यामागे पीजींची रांग. शेवटच्या परीक्षेत मात्र अजून परंपरेचा मान मोठा. ओतीव धातूच्या इनलेचा, म्हणजे दाताच्या पोकळीत बसवायच्या तयार भरावाचा, मेणाचा साचा करून दाखवायचा, हा जुना पाठ आहे. आज फार थोड्या दवाखान्यांत इनले ओतला जातो. तो काढून टाकावा, असे म्हणणारेही आहेत. हात घडवायला तो चांगला, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येते. पण सूक्ष्मदर्शकाखालच्या कामाला परीक्षेत तेवढे वजन का नसावे?

आता या शिक्षणाची दुखरी जागा. प्रत्येक पीजीला प्रबंध लिहावा लागतो, त्याला सगळे थिसिस म्हणतात. सहा महिन्यांत आराखडा द्यायचा, गाईडची सही घ्यायची. विषय कसले निघतात? पुष्कळदा काढलेल्या दातांवरचे. साठ दात घ्या, चार गट करा, चार सिमेंटे भरा, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्रात दाबून कोणते आधी फुटते ते पाहा. अशा प्रबंधांना किंमत नाही असे नाही. पण कपाटे त्यांनीच भरली आहेत आणि रुग्णाच्या तोंडात काय घडते हे त्यांतून फारसे कळत नाही. तोंडातले प्रबंध का होत नाहीत? कारण मुळाशी हाड भरून यायला वेळ लागतो. स्वीडनच्या स्ट्रिंडबर्ग यांनी 1956 मध्येच दाखवले की निकाल ठरवायला वर्षानुवर्षे पाठपुरावा लागतो. आज युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला असा की किमान एक वर्षाने एक्स-रे काढून पाहावे आणि शंका असेल तर चार वर्षांपर्यंत पाहत राहावे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पीजीने दुसऱ्या वर्षी केलेल्या दाढेचा खरा निकाल लागतो तेव्हा तो पदवी घेऊन गेलेला असतो.

आणि रुग्ण? रुग्ण येतच नाही. कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की बीडकडून आलेले ऊसतोड कुटुंब गावी परतते, फोन नंबर बदलतो. शेतकऱ्याला पेरणी असते, सुनेला माहेरपण असते. दुखत नाही, मग जायचे कशाला? हा प्रश्न रुग्णाच्या बाजूने अगदी बरोबर आहे. शिक्षणाच्या बाजूने मात्र तो घातक ठरतो. ज्याला स्वतःच्या कामाचा निकाल कधी दिसत नाही, तो स्वतःच्या चुका कशावरून ओळखणार? शल्यचिकित्सकाची चूक आठवड्यात वर येते. मुळातली चूक दुखल्याशिवाय तीन वर्षे हाडात वाढू शकते. विभागातल्या भिंतीवर सुबक भरलेल्या कॅनालांचे एक्स-रे लागतात. एक वर्षानंतरचे एक्स-रे त्यांच्याशेजारी लागत नाहीत. या शाखेच्या शिक्षणात सगळ्यांत कमजोर दुवा कोणता, असे विचारले, तर उत्तर यंत्र नाही, फी नाही, परीक्षाही नाही. पाठपुरावा हे उत्तर आहे. पाठपुराव्याला मार्क ठेवावेत, केलेल्या कामाच्या संख्येइतकेच वर्षाने तपासलेल्या दातांच्या संख्येलाही वजन द्यावे, निघून गेलेल्या पीजीचे रुग्ण पुढच्या पीजीकडे नोंदीसह सोपवावेत. हे सगळे आजच्या नियमांत राहून प्रत्येक विभागाला करता येण्यासारखे आहे. त्याला पैसे फारसे लागत नाहीत. एक वही आणि एक फोन लागतो.

पदवी घेतलेले तज्ज्ञ पुढे काय करतात? काही शिकवायला राहतात. काही पुण्या-मुंबईला जातात. राहिलेल्यांचा एक नवा वर्ग या भागात तयार झाला आहे. मोटर, एपेक्स लोकेटर आणि फाईलींचे डबे पिशवीत घालून ते तासगाव, विटा, इस्लामपूर, जयसिंगपूर अशा गावांतल्या दवाखान्यांत ठरलेल्या वारी जातात. गावातले बी.डी.एस. दंतवैद्य अवघड केस राखून ठेवतात, तज्ज्ञ येऊन ती करून जातो. यात एक धोका आहे. तज्ज्ञ संध्याकाळी निघून जातो आणि रात्री दुखले तर रुग्णाचा फोन गावातल्या डॉक्टरांना जातो. पण एकंदरीत ही रीत चांगली. तालुक्याला तज्ज्ञ पोहोचतो, बी.डी.एस. डॉक्टरांना बाजूला उभे राहून शिकता येते, आणि वरच्या दाढेचा चौथा कॅनाल शोधायला रुग्णाला कोल्हापूर गाठावे लागत नाही. हा तज्ज्ञ आणि गावचा दंतवैद्य यांच्यात स्पर्धा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. साधे काम कोणते आणि अवघड कोणते, हे वेळीच ओळखून पुढे पाठवणारा बी.डी.एस. दंतवैद्य या साखळीतला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे.

म्हणून श्रोत्यांना एक विनंती. या सभागृहात ज्यांनी शिकवणाऱ्या रुग्णालयात रूट कॅनाल करून घेतले आहे, त्यांना वर्षभराने कधी फोन येईल. 'दाढ कशी आहे? एक्स-रे काढायला येता का?' असे एखादा पीजी विचारील. दाढ मुळीच दुखत नसली, तरी जा. कॅप अजून बसवली नसेल, तर तिचेही त्याच दिवशी विचारून घ्या.